जामीनदार फ्लोरा टीचर

सोम. ३ फेब्रु.
पतपेढीचं उत्तर आलं. टेम्पोचं कर्ज नामंजूर. एकच ओळ, कारण नाही. रडू येईल वाटलेलं, आलं नाही. सकाळपासून डोक्यात एवढंच, का? मागचं कर्ज वेळेवर फेडलं. उलव्यातल्या नव्या सोसायट्या साफ केलेली मासळी मागतायत, रिक्षातून बर्फाचे खोके नेऊन नेऊन किती नेणार?
सासूबाई बाजारात वाटे लावता लावता म्हणाल्या, "एकदा नाय म्हनली ना ती लोका? परत कनाला जातंस?"
जाणारच. पण आधी कारण कळू दे.

गुरु. ६
पतपेढीत गेले. मॅनेजर दळवी "समितीचा निर्णय" एवढंच बोलत होते. मी बसूनच राहिले. म्हटलं, भांडायला नाही आले, समजून घ्यायला आलेय. मग त्यांनी चहा मागवला. खोट माझ्यात नाही, जामीनदारात! दिनेशभावजी आधीच दोघांना जामीन आहेत, तिसऱ्याला चालत नाही.
घरी येऊन भावजींना विचारलं. मान खाली. "तुमाला नाय कसा बोलू, वयनी?"
रागवायला गेले आणि हसू आलं. भला माणूस.
दळवी म्हणाले, पगारदार किंवा पेन्शनवाला सभासद आणा, परत अर्ज करा.
पेन्शनवाला कोण...

रवि. ९
फ्लोरा टीचरकडे जिताडा घेऊन गेले. त्यांना खवल्याचाच मासा लागतो, कोलंबी-खेकडा त्यांच्या ज्यू धर्मात चालत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ. माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, शाळेत गणित त्यांनीच शिकवलं. त्याचे परीक्षेतले गुण अजून सांगतात मला, हसतात.
हॉलमध्ये सामान बांधून ठेवलेलं. लेक हन्ना इस्राएलला असते, टीचर कायमच्या तिकडे जाणार असं सगळे म्हणतात. घर विकायला काढलंय. मी आपली भावजींची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्या म्हणाल्या, "मी आहे की सभासद. पेन्शन आहे. मी होते जामीन."
जाणारं माणूस जामीन कशाला राहील? विचारायचं धाडस झालं नाही. दिवसभर तेच डोक्यात.

बुध. १२
हन्नाचा फोन. "वैशाली, आईला तिथे अडकवू नकोस गं. मी इथे तिची खोली लावून ठेवलीय." भांडत नव्हती. दमलेली वाटली.
मी "बरं" म्हटलं. प्रकाश म्हणतो, दुसरं कोणी बघू. कोण ते त्यालाही सुचेना.

शुक्र. १४
सकाळीच टीचरकडे गेले, नको म्हणायला. हन्नाचा फोन आला होता, तेही सांगून टाकलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले.
"हन्ना विचारते, कधी येतेस. घर बघायला येणारे विचारतात, कधी जाता. तूही न विचारताच नको म्हणायला आलीस."
मग विचारलं. टीचर, तुम्हाला जायचंय का?
मेथीच्या काड्या मोडता मोडता म्हणाल्या, "लेक हवी आहे. तिकडचं घर हवंय का, ते माहीत नाही. इकडे कोणाला मी लागते का, तेही बघायचंय."
म्हटलं, माझ्या टेम्पोसाठी एवढं?
"टेम्पोसाठी नाही. टेम्पो तुझा. सही माझी."


मंगळ. १८
दुसरा अर्ज दिला. टीचर इस्त्रीची साडी नेसून आल्या, वर्गावर निघाल्यासारख्या. दळवींनी अदबीनं विचारलं, "टीचर, तुम्ही परदेशी जाणार असं ऐकलं. जामीनदार इथे राहणारा लागतो."
"कोणाकडून ऐकलंत?"
"सगळेच म्हणतात."
"मी म्हटलंय का?"
दळवी गडबडले. मी जमिनीकडे बघत होते. त्यांनी समजावून सांगितलं, कर्ज फिटेपर्यंत जबाबदारी. टीचरनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. मी म्हटलं, उद्या केलं तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सही केली.
बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उसाचा रस पाज."

शुक्र. २१
हन्नाचा परत फोन. ओरडेल वाटलं होतं.
"तुझं मंजूर झालं तर आई राहील?"
म्हटलं, माहीत नाही.
"आणि नाही झालं तर येईल?"
तेही माहीत नाही गं. तू विचार ना त्यांना.
"रोज विचारते मी, कधी येतेस म्हणून."
ते नाही. यायचंय का, ते विचार.
मग हळूच म्हणाली, "विचारते," आणि ठेवला.
समिती मंगळवारी बसते. टेम्पो मिळावा असं फार वाटतंय. पण आज सगळा जीव हन्नाच्या फोनकडे. केला असेल का तिने टीचरना एव्हाना...