मी लावलेला तबला

गुरुपौर्णिमा, तारनाका. संध्याकाळ.

लहानपणापासून माझ्याकडे तबला शिकलेल्या अद्वैतला आज एका मोठ्या उस्तादांनी गंडा बांधून शिष्य करून घेतलं. आधीच्या गुरूला विचारायची रीत आहे. हा फक्त म्हणाला होता, "मॅडम, प्रोग्राम आहे, लवकर या, तबला लावून द्या." मी गेले. नवी साडी नेसून, हातोडी घेऊन. पडद्यामागे बसून लावूनही दिला. वाटलं, पूजा माझीच असेल. असं का वाटलं मला?

मग स्टेजवर तो लाल दोरा. उस्तादांनी तबल्यावर थाप मारली आणि खूश होऊन विचारलं, "क्या सुर में है. किसने मिलाया, बेटा?"

"मैंने, उस्तादजी."

मी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्समध्ये हातोडी. टाळ्याही वाजवल्या.

दोरा सहन झाला असता. पण ते "मैंने" घरी येऊन भांडी घासतानाही ऐकू येत होतं. त्याला अजून एकट्याला तबला सुरात लावता येत नाही. चार दिवसांत सूर उतरेल, मग हा येईल. आणि मी मुकाट्यानं हातोडी काढेन. खरा राग येतोय तो याचाच.