दुधी रंगाची फियाट

कुरुळी,
५ जानेवारी २०२५

चि. निरंजन यास अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी तुझ्या ताईने, सावित्रीने, डब्याच्या पिशवीतून आणून दिली. आपण दोघे फोनवर बोललो की तिचं बीपी वाढतं, म्हणून लिहूनच बोलायची तिची अट मला मान्य आहे. पण मायना बघून हसू आलं. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार. तो बरोबरीच्या माणसाला. मी तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, साष्टांग लिहायचं. इंजिनिअर माणसाला हेही सांगावं लागतं.

आता गाडीचं. तुमच्या वाकडच्या सोसायटीला तुझ्या वडिलांची, दादासाहेबांची फियाट पार्किंगमध्ये नको होती, म्हणून ती सहा वर्षं माझ्या शेडमध्ये आहे. आता तू म्हणतोस भंगारात द्या. ठीक. फेब्रुवारीत दादासाहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळा उघडला की त्यांना इकडे आण. गाडी बघून ते ‘माझी’ म्हणाले तर ती राहील. नाही म्हणाले तर तुझा भंगारवाला बोलाव, मी ढकलायला हात लावीन.

रंग मीच देणार, स्प्रेच्या डब्यांनी. भोसरीचा एक गॅरेजवाला येऊन गेला. गाडीभोवती एक चक्कर, बोनेटवर एक टिचकी, आणि सत्तर हजार म्हणाला. त्यात टिचकीचे किती धरले, एवढंच मी विचारलं. मला रंगकाम कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे चुकीचं शिकवलेलंही काही डोक्यात नाही.

मूळ रंग कोणता ते दादासाहेबांना नीट विचारून कळव. मी जावई झालो तेव्हा गाडी मरून रंगाची होती, आणि आरसी बुकात रंगाच्या रकान्यावर नेमका ऑइलचा डाग आहे.

तुझा,
ज्योतीराम


वाकड,
१२ जानेवारी २०२५

ती. दाजींस साष्टांग नमस्कार. (आडवा पडलो, उठायला वेळ लागला.)

दादांना विचारलं. गाडी दुधी व्हती आन् दुधीच पायजे, असं दोनदा म्हणाले. वर म्हणाले, जावायाला सांग, दुसरा कंचा बी रंग दिला तर मी खाली उतरनार न्हाई.

मला मात्र हिरवट आठवते. मी पहिलीत होतो, दिघीच्या घरापुढे ती उभी असायची आणि मी तिच्या दारावर खडूने पाढे लिहायचो. ते मी तुम्हाला सांगतोय हे विसरा. माझं तुम्ही कधी ऐकलंय?

बाकी डब्यांनी गाडी रंगवणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या पोरांनी मंडळाचं सिंहासन तसंच सोनेरी केलं होतं. गणपती उठला तेव्हा पाठीमागे अर्धं सिंहासन चिकटून आलं. दादांना शक्यतो पांढरे कपडे घालू नका असं आधीच सांगून ठेवू का?

ताईला सांभाळा. लोभ आहे की नाही ते गाडी बघून ठरवू.

आपला,
निरंजन


कुरुळी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. निरंजन यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

गाडी झाली. दुधासारखी पांढरी.

तुझ्या हिरव्या आठवणीबद्दल. मरून घासल्यावर खाली हिरवट थर लागला, हे खरं. पण बाळा, त्याला अस्तर म्हणतात. जुन्या काळी पत्र्याला गंज धरू नये म्हणून असलंच हिरवट-पिवळट प्रायमर मारत. प्रायमर कोणता आणि रंग कोणता हे कळायला हाताने घासावं लागतं. वाकडला अकराव्या मजल्यावर बसून ते कळत नाही. मी तो थर पत्रा लागेपर्यंत काढला. मी अर्धवट काम करत नाही.

सिंहासनवाल्यांची चूक काय होती तेही ऐक. त्यांनी खालचा पत्रा घासला नसणार आणि डबा हलवला नसणार. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं हलवायचा, घड्याळ लावून. त्याआधी डबा कोमट पाण्यात ठेवायचा, कोमट म्हणजे बोट सुखाने राहील इतकंच. पत्र्यापासून एक वीत आणि चार बोटं अंतर. हात आधी हलला पाहिजे, मग डब्याचं बटण दाबायचं, आणि हात थांबायच्या आधी सोडायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. पहिला हात इतका पातळ की सावित्री म्हणाली, डबे रिकामे आले का? एकोणीस डबे लागले. त्यावर चकाकीसाठी पारदर्शक लॅकर, मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून पॉलिश. बोनेटमध्ये बघून मी काल दाढी केली.

रविवारी त्यांना घेऊन ये. चपला शेडबाहेर काढायच्या, तुझ्यासुद्धा.

ज्योतीराम


वाकड,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. दाजींस साष्टांग नमस्कार, खरोखरचा.

दादांनी ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा काढला, गाडीकडे पाहिलं आणि ही कुनाची ॲम्ब्युलन्स हाय म्हणून विचारलं, तिथपर्यंत तुम्ही होतात. मग तुम्ही शेडमागे गेलात. पुढचं तुम्हाला ताईने सांगितलं नसेल, ती तुम्हाला घाबरत नाही पण जपते. म्हणून मी लिहितो.

दादा परसात गेले. तुमच्या मांडवावरून एक कोवळा दुधी त्यांनी तोडला, धोतराने पुसला आणि आणून बोनेटवर ठेवला. म्हणाले, ही दुधी. दूध कोन म्हनालं व्हतं? मी आणि ताई त्या दुधीकडे बघतच राहिलो, दाजी. तोच रंग. माझे खडूचे पाढे ज्याच्यावर असायचे, तोच. महिनाभर दादा भोपळा सांगत होते आणि आपण दोघे दूध ऐकत होतो. आपण दोघे म्हणतोय, कारण निरोप मीच पोचवला. पण अस्तर मी म्हणालो नव्हतो, तेवढं माझ्या नावावर नको.

ठरल्याप्रमाणे मी जिंकलो. ते ‘माझी’ म्हणाले नाहीत. पण परत येताना देहूरोडला म्हणाले, त्या बोनेटात माझं थोबाड मला वीस वरसांनी दिसलं. जावायाचा हात चांगला हाय, ऐकायचं तेवढं न्हाई.

भंगारवाल्याला मी अजून फोन केलेला नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा.

निरंजन


कुरुळी,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. निरंजन,

तू नोकरीत हुशार असशील, पण रंग भाजीवरून ठरवायचा असतो असं समजू नकोस. तोडलेला दुधी तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो. त्यावरून रंग जुळवला असता तर गाडी कावीळ झाल्यासारखी दिसली असती. मी मागच्या नंबरप्लेटचे स्क्रू काढले. तिच्याखाली मरूनही पोचला नव्हता आणि माझा पेपरही. तळहाताएवढा पत्रा होता तसा आहे.

अस्तर नव्हतं.

रंग होता. त्याच्याखाली अस्तर वेगळं आहे, तांबडं. मी ते ओल्या बोटाने पुसून, भिंग लावून तीनदा बघितलं.

डिकीचं ते झाकणच उतरवलं आणि घेऊन नाशिक रोडवरच्या दुकानात बसलो. तो पोऱ्या मशीनवर रंग काढून देतो म्हणाला. मशीनने काढलेला मी दोनदा परत केला, तिसऱ्यांदा त्याला बाजूला केलं आणि थेंब मी मोजले. पिवळ्याचे चार जास्त होते. डबे भरून आणले आहेत. पांढरं सगळं चारशेच्या पेपरने घासून काढलं. वाईट वाटलं नाही. दाढी आरशातही होते.

येत्या रविवारपर्यंत सगळी गाडी होईल, फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार मागे ठेवतो. त्याचा शेवटचा हात दादासाहेबांच्या समोर मारीन, म्हणजे मधेच चुकत असेल तर तिथल्या तिथे सांगतील. या खेपेला ऐकेन. भंगारवाल्याला फोन करायचा असेल तर तो त्यांच्या देखत कर, बघू जमतं का. तू मात्र दहा फूट लांब उभा राहा, तुझ्या अंगावरून धूळ येते.

ते दार मागे ठेवण्याचं आणखी एक कारण. येताना खडू आण. रंग सुकल्यावर पाढे कुठपर्यंत लिहायचास ते दाखव, मग त्या पाढ्यांवरच लॅकर मारायचं की ते पुसून मारायचं ते दादासाहेब ठरवतील.

आणि मायन्याचं. साष्टांग राहू दे, सारखं आडवं पडून तुझी पाठ जाईल. सप्रेम चालेल.

तुझा,
ज्योतीराम