अंगणात भरलेल्या बांगड्या

आई, काल मी अंगणात बसून बांगड्या भरल्या. खोलीत नाही, दाराआड नाही. चारचौघींसमोर, बाही कोपरापर्यंत वर सारून. तुला राग आला असेल तर येऊ दे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता मी कोणाला भ्यायचं?

पिंपळगाव राजाला ताईच्या लेकीचं लग्न आहे. कासारीण आली, बायका ओळीने बसल्या आणि मावशी माझ्या कानाशी लागली, "तू आतमंदी भर वं माय. लोकाइले काऊन दाखवतं?" अगदी तुझाच आवाज. माझ्या लग्नात तू खोलीची कडी लावलीस आणि साबणाचं पाणी घेऊन स्वतःच माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवायला बसलीस. तुला ते येत नव्हतं. दोन फुटल्या. 'फुटली' म्हणू नये म्हणून तू 'वाढली' म्हणालीस आणि रडलीस.

माझ्या हाताचंही तू तसंच केलंस. कॉलेजात असताना मी स्वतःला इजा करून घेतली, तू मला चिखलीच्या दवाखान्यात नेलंस. डॉक्टरांनी टाके घातले. त्यांना समजलं होतं. "हिच्याशी एकटीशी बोलू द्या," ते म्हणाले. तू माझं दुसरं मनगट घट्ट धरलंस. "काच लागली हो साहेब. लेकरू भेलं हाये." मनाच्या डॉक्टरांकडे न्या म्हणाले, तर तू मला सरळ घरच्या, अमडापूरच्या एसटीत बसवलंस. मग लांब बाह्यांचे ड्रेस. आपल्याकडच्या मे महिन्यात! जखम भरली. झोप नव्हती, भूक नव्हती, सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, ते सगळं बाहीच्या आतच राहिलं. तू माझ्यावर जीव टाकायचीस, हे मला कबूल. पण "लोकाइले काय सांगू मी?" एवढंच तू विचारायचीस.

तू गेल्यावर ते सगळं परत आलं. या वेळी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं आणि बुलडाण्याला मनाच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसले. हो, गोळ्या घेतल्या. हो, येडी म्हणणारेही भेटले. तिथल्या समुपदेशक ताईंनी हाताबद्दल विचारलं, तर माझ्या तोंडून पहिल्यांदा "काच लागली" हेच निघालं! त्या घाई न करता थांबल्या. पुढच्या खेपेला मी खरं सांगितलं. आता मी बरी आहे. वाईट दिवस येतात, पण तेव्हा कोणाला हाक मारायची ते मला ठाऊक आहे.

काल माझी लेक माझ्याकडेच बघत होती. बारावीत आहे ती. मी उठून आत गेले असते तर तीही उद्या काही झालं की आतच गेली असती. "मावशी, अठीच भरते," मी म्हटलं. "ज्याले पाहाचं त्याले पाहू दे." बायका कुजबुजायला लागल्या. लागल्या तर लागल्या!

कासारणीनं हात हातात घेतला. तिचा अंगठा वणांवर थांबला. "दुखते का वं बाई?" मग हात सैल सोडायला सांगून तिनं बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही.

आई, हे लिहायला बसले ती तुझ्याशी भांडायलाच. ते झालं. हे कुठं पाठवायचं नाही, घडी करून बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. फक्त एक राहिलं. कासारणीनं विचारल्यावर मी तिला "नाही" म्हणाले आणि ढसाढसा रडले, कारण तो प्रश्न मला तुझ्याकडून हवा होता. तू विचारलं असतंस तर खरं सांगितलं असतं. दुखत होतं, आई. लय दुखत होतं.