सीलबंद नोंदवहीत एक ओळ लिहून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
बालनोंद व शाळाप्रवेश कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : आपल्या माहिती तंत्रज्ञान आराखड्यामुळे सीलबंद झालेली नोंदवही पाच मिनिटांसाठी उघडून एका मुलीचे नाव लिहून मिळण्याबाबत, तसेच माझी हजेरीची सही संमती म्हणून दाखवली आहे, ती रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) 'माहिती तंत्रज्ञान धोरणात्मक आराखडा, पाच वर्षांसाठी', पृष्ठे २१४.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. मी निवृत्त शिक्षक आहे. शहराबाहेर नव्या इमारतींचे बांधकाम चालू आहे. तिथे सिमेंटच्या गोदामाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी रोज दुपारी कामगारांच्या मुलांना शिकवतो. हा अर्ज लांबेल. मुलांना समजेपर्यंत सांगत राहायची सवय आहे, ती कागदावरही सुटत नाही.

२. ज्या मुलीसाठी हा अर्ज आहे ती इमारतीभोवती बांबूंची परांची बांधणाऱ्या कामगाराची मुलगी आहे. बापाचे काम जिथे, तिथे त्यांचे बिऱ्हाड. इमारत पूर्ण झाली की गाठोडी बांधायची. त्यामुळे ती आजवर एकाही शाळेत गेलेली नाही. चौदा महिन्यांपूर्वी धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शेडच्या दारात आठवडाभर नुसती उभी राहायची. आज ती अपूर्णांकांची बेरीज करते आणि छेद समान का करायचा हे शेजारणीला माझ्यापेक्षा चांगले समजावते. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि पाचवीत एक जागा राखून ठेवली. "गुरुजी, मुलगी माझी. तुम्ही फक्त नोंदणी क्रमांक आणा," असे त्या म्हणाल्या. नियम आपणास ठाऊक आहेच. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला हा क्रमांक वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधी मिळाला पाहिजे. एकदा मिळाला की तो जन्मभराचा, मग बाप कुठेही कामाला गेला तरी चालते. नाही मिळाला तर शाळा कायमची बंद. या मुलीला याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला बारा पूर्ण होतात.

३. हा क्रमांक मिळवणे पूर्वी पाच मिनिटांचे काम होते. आपल्या खिडकी क्रमांक तीनवरच्या लिपिक बाई मोठी नोंदवही उघडत, नाव लिहीत, लाल शाईने क्रमांक टाकत आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर देत. माझ्या शेडमधल्या एकोणीस मुलांना त्यांनी असे क्रमांक दिले आहेत. या वेळी मुलीला घेऊन गेलो, तर नोंदवही काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला लाखेचे सील होते. नवी संगणक प्रणाली कुठे आहे असे विचारले. बाई म्हणाल्या, "आपली विनंती तिसऱ्या टप्प्यात आहे." मुलीने विचारले, "तिसरा टप्पा म्हणजे कधी?" बाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग टेबलाकडे. "अडीच वर्षांनी, बाळा."

नंतर त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले की, कर्मचाऱ्यांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण झाले असून, खिडकीवर 'नाही' हा शब्द उच्चारायचा नाही असे त्यात शिकवले आहे. महोदय, मी चौतीस वर्षे मुलांना 'नाही' कसे सोसायचे ते शिकवले. ते लपवायचे प्रशिक्षण सरकारी कामाच्या वेळेत दिले जाते हे ऐकून मला शिसारी आली.

४. मी बाईंना विनंती केली की, नोंदवही आपल्या पाठीमागे दोन हातांवर आहे, एक ओळ लिहा. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझा हात शिवशिवतो हो. पण सील तोडलं तर नोकरी जाईल माझी. आणि तुम्ही मला काय सांगता? नोंदवही बंद करायला तर तुमचीच सही आहे!"

मला वाटले बाई चेष्टा करत आहेत. त्यांनी आराखड्याचे पृष्ठ एकशे सत्त्याऐंशी उघडून दाखवले. 'नागरिक प्रतिनिधींची लेखी संमती' या शीर्षकाखाली सहाव्या ओळीत माझी सही होती.

५. ही सही कुठून आली ते सांगतो. मागच्या वर्षी आपल्या सभागृहात आराखड्यासाठी बैठक झाली आणि मुलांचे काम करणारा म्हणून मला बोलावण्यात आले. दारातच एका कागदावर सही घेतली. त्यावर 'उपस्थिती' असे लिहिले होते. बैठक घेणाऱ्या नियोजन अधिकाऱ्यांना आपले कर्मचारी आपसात 'टप्पेसाहेब' म्हणतात, तेव्हा मीही तसेच लिहितो. टप्पेसाहेबांनी प्रत्येक काम एकेका रंगीत चिठ्ठीवर लिहून घेतले आणि चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या. डावीकडे सोपी कामे, उजवीकडे अवघड. डावीकडची पहिल्या टप्प्यात, उजवीकडची शेवटच्या. नोंदवही बंद करणे सगळ्यात सोपे ठरले, कारण त्याला लाख आणि काडेपेटी पुरते. नवी प्रणाली उभी करणे सगळ्यात अवघड. अशा रीतीने जुने सगळ्यात आधी बंद आणि नवे सगळ्यात शेवटी सुरू, असा क्रम ठरला. भरलेल्या सभागृहात कोणाला काही वाटले नाही.

मी उठून म्हणालो की, नवी नोंद सुरू होईपर्यंत जुनी चालू ठेवा. टप्पेसाहेब हसून म्हणाले, "आजोबा, तुमच्या पिढीला वही सोडवत नाही, समजू शकतो." लोक हसले. चहा आला. माझे म्हणणे इतिवृत्तात असे नोंदले गेले : 'ज्येष्ठ प्रतिनिधींनी नोंदवहीविषयी जिव्हाळा व्यक्त केला.' उपस्थितीचा कागद शीर्षक बदलून आराखड्याला जोडला गेला. जी गोष्ट करू नका असे मी उभे राहून सांगितले, ती माझ्याच सहीने झाली आहे. आरशात तोंड पाहताना मला स्वतःचीही किळस येते, कारण चहा मी प्यालो होतो.

६. मी परत आलो आणि त्याच कामांच्या सहा चिठ्ठ्या करून मुलांपुढे ठेवल्या : नवी प्रणाली तयार करणे, ती तपासणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे, जुन्या नोंदी नव्यात उतरवणे, नवी प्रणाली सुरू करणे, जुनी नोंदवही बंद करणे. म्हटले, लावा बरे क्रमाने. सात ते बारा वयाच्या अकरा मुलांनी थोडी भांडाभांडी केली आणि चार मिनिटांत चिठ्ठ्या लावल्या. 'जुनी नोंदवही बंद करणे' सगळ्यांनी एकमताने शेवटी ठेवले. एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "नवी परांची बांधल्याशिवाय जुनी सोडली तर माणूस खाली पडेल ना!" तिला मी काही शिकवले नव्हते. ती रोज वर बघते, एवढेच.

७. यानंतर मी आपणास समक्ष भेटलो. आपण सौजन्याने बसायला सांगितले, याबद्दल आभारी आहे. आपल्या खुर्चीमागे तक्ता होता, 'पहिला टप्पा : शंभर टक्के साध्य', हिरव्या रंगात. आपण म्हणालात, "गुरुजी, आराखडा चार लाख मुलांसाठी आहे. एकीसाठी सील तोडलं तर ते शंभर टक्के राहत नाही." मी विचारले, की पहिल्या टप्प्यात किती मुलांना क्रमांक मिळाले? आपण टप्पेसाहेबांना फोन लावला. तिकडून उत्तर आले की, या टप्प्यात क्रमांक देणे अपेक्षितच नाही.

त्या वेळी मी उठून गेलो, कारण तोंडून वावगे काही निघाले असते. आज लिहितो. नोंदवहीला सील लागल्यापासूनच्या सात महिन्यांत ज्या कार्यालयाने एकाही मुलाची नोंद केली नाही, ते आपले काम शंभर टक्के झाले असे भिंतीवर लावते आणि त्याच्याखाली बसून फायली तपासते, याचा मला मनापासून वीट आला आहे. संगणकावर माझा राग नाही. उद्या प्रणाली आली तर ती वापरायला मी पहिला शिकेन आणि आपल्या लिपिक बाईंनाही शिकवीन. माझा राग क्रमावर आहे, आणि तो क्रम चुकला असे म्हणायला आपल्या दोन मजल्यांवर एकही माणूस धजत नाही, यावर आहे.

८. तरी विनंती अशी :

(अ) सील आपल्या आदेशाने काढावे, नोंदवहीत सदर मुलीचे नाव लिहून क्रमांक द्यावा, आणि हवे असल्यास पुन्हा सील करावे. लाख मी घेऊन येईन.

(आ) पृष्ठ १८७ वरून माझी सही काढावी.

दोन्ही जमत नसेल तर (आ) सोडून द्यावे. ती लाज मी बाळगीन.

९. पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता मी मुलीला घेऊन आपल्या दालनात येत आहे. तिने आपला नमुना अर्ज स्वतः भरला आहे. मी फक्त पेन दिले. नकार द्यायचा असेल तर या वेळी तो मला देऊ नये, तिला द्यावा. समोर बसवून, सोप्या शब्दांत, कारणासह. ती हुशार आहे, पटले तर मान डोलावेल. नाही पटले तर पुन्हा विचारेल, आणि पटेपर्यंत विचारत राहील. तसे करायला तिला मीच शिकवले आहे.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
शेडमधल्या दुपारच्या वर्गाचा शिक्षक

दिनांक : चालू महिन्याची १९

(वरील सही फक्त या अर्जापुरती आहे. ती अन्य कोणत्याही कागदाला जोडू नये.)

सोबत :
१) मुख्याध्यापिकांचे जागा राखून ठेवल्याचे पत्र.
२) मुलांनी लावलेल्या सहा चिठ्ठ्या, डिंकाने चिकटवून. क्रम हलवू नये.
३) मुलीने भरलेला अर्ज. 'शाळेत का जायचे आहे' या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून तिने मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिले आहे. कृपया पान उलटावे.