मुलगा झाला तर

४ एप्रिल
आलो एकदाचे! टेम्पोतून आमचा सगळा संसार उतरवला : दोन बॅगा, एक गादी आणि सातवा महिना लागलेली बायको. कारखाना बंद पडला म्हणून सासुरवाडीला येऊन राहायचं, याची मला लाज वाटत होती. पण सासूबाई दारातच म्हणाल्या, "बरं झालं जावईबापू, लाँड्रीला दणकट माणूस हवाच होता," आणि माझी लाज धुऊन टाकली. खाली लाँड्री : दोन मोठी मशिनं, इस्त्रीचं लांबलचक टेबल, सगळीकडे साबणाचा वास. वर राहायच्या खोल्या. घरात सासूबाई, थोरली मेव्हणी आणि आम्ही दोघं. तिघी मायलेकींच्या हनुवटीवर अगदी तशीच खळी, जणू एकाच साच्यातून काढल्यात. बाळालाही येणार, मी म्हणालो. मुलीला शोभेल, असं सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

१९ एप्रिल
कामात हात बसला. दवाखान्याच्या चादरी आमच्याकडेच येतात. आज रक्ताने माखलेली एक चादर गरम पाण्यात टाकायला गेलो, तर सासूबाईंनी मनगट धरलं. गरम पाण्याने डाग पक्का बसतो म्हणे. गार पाणी घ्यायचं आणि घाई करायची नाही. एवढी माहिती कुठून, असं विचारलं, तर नुसत्या हसल्या.
संध्याकाळी हिच्या पोटाला कान लावून "काय लेका, झोपलास?" म्हटलं. हिनं माझं डोकं बाजूला सारलं. लेका म्हणू नकोस, म्हणाली. अगं, सवय आहे, म्हटलं. मोड ती सवय, म्हणाली.

६ मे
गच्चीवर मेव्हणीबरोबर चादरी पिळत होतो. गमतीनं विचारलं, तुमच्या घरात पुरुष का टिकत नाहीत? हातातलं टोक न सोडता तिनं सगळं सांगून टाकलं.
त्यांना एक थोरला भाऊ होता. त्याचं रक्त थांबायचं नाही. दात पडला तरी उशी भिजायची. गुडघ्यांत आतल्या आत रक्त साचायचं, आणि तो ओरडत राहायचा. नऊ वर्षांचा होऊन गेला, आईला 'मला मारून टाक' म्हणत. पुढे सासूबाईंना आणखी दोन मुलगे झाले. दोघंही तान्हेच, झोपेत गेले. मेव्हणीला मुलगा झाला. तोही झोपेतच. तिचा नवरा त्यानंतर निघून गेला.
तिच्या मुलालाही तो आजार होता का, मी विचारलं.
"काय माहीत," ती म्हणाली. "बघायला ठेवला कुठे आईनं?"
मग तिच्याकडचं टोक सोडून खाली गेली. माझ्या हातातली चादर तशीच.

७ मे
दवाखान्यात चादरी पोचवताना डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी समजावून सांगितलं. दोष आईकडून येतो, आईला स्वतःला सहसा बाधत नाही. तिच्याजवळ त्या जनुकाची एक बिघडलेली प्रत, एक चांगली. मुलाच्या वाट्याला कुठलीही एक. दर वेळी नव्यानं छापा की काटा. हिच्यात मुळात दोष नसेलही. असला तरी आता इंजेक्शनं आहेत, अशी मुलं म्हातारी होतात. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासू, म्हणाल्या.
पोलिसांत जावं? झोपेत गेलेल्या तान्ह्यांचा पुरावा काय देऊ?

८ मे
सासूबाईंना स्पष्टच सांगितलं, निम्मी मुलं निरोगी असतात हो! त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.
"त्यातली निम्मी कुठली, ते मला कोण सांगायला आलं होतं, जावईबापू?"
आता कळतं, इंजेक्शनं आहेत, म्हटलं. थोरल्याच्या वेळीही डॉक्टर काहीतरी आहेच म्हणायचे, असं बोलून पुन्हा इस्त्री फिरवू लागल्या.
ही ऐकत होती. नंतर म्हणाली, बाळंतपण होऊ दे, मग जाऊ आपण इथून. मला रडू आलं.

१० जून
मुलगा! नाळेतलं रक्त तपासणीला दिलं. सासूबाई दारातून बघून गेल्या. जवळ घेतला नाही.

११ जून
घरी यावं लागलं. भाड्याची खोली अजून मिळालेली नाही, हिला धड चालवत नाही. पाळण्यात नवी उशी. तान्ह्याला कशाला उशी? खिडकीतून फेकली.

१२ जून
सकाळी ही झोपेत असतानाच बाळाला उचलून पलीकडच्या खोलीत आलो. आतून कडी. सासूबाई बाहेर आहेत. दार ठोठावत नाहीत. नुसत्या उभ्या –

दुपार. भुकेनं ओरडतोय. माझं बोट चोखतो, सोडतो, पुन्हा ओरडतो. ही दाराशी रडतेय – पान्हा फुटलाय, आत घे म्हणते. आधी सासूबाईंना खाली पाठव, म्हटलं. खालून मशिनचा आवाज आला तेव्हाच कडी काढली. फक्त हिला घेतलं. पुन्हा लावली.

पाजतेय. खिडकीकडे तोंड करून. थांबलं रडणं. सुटलो –

फोन. डॉक्टरीणबाईंचा. रक्त चांगलं आहे! काही नाही त्याला, काहीच नाही! हिला ओरडून सांगितलं. वळत नाही. पुन्हा सांगितलं.
म्हणते, आता कशाला सांगतोस –
दुपटं छातीशी घट्ट – बाळाचा पाय बाहेर आलाय, तो पाय हलत नाही –