गाडी आधी बंद पडली, फोन नंतर झाला

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
अपघातग्रस्त वाहन तपासणी,
सोलापूर.

विषय : मयत चालक बिरदेव येडू गडदे यांची हायब्रीड गाडी पुन्हा एकदा, पण सकाळच्या गारठ्यात तपासण्याबाबत.

संदर्भ : आपल्या अहवालातलं वाक्य, "वाहनात दोष आढळला नाही. चालकाने मोबाईलवर बोलण्यासाठी वाहन रस्त्यात थांबविले."

महोदय,

हा अर्ज मी करणारच न्हवतो. टाईप केला, पुसला, परत केला. अर्जाची भाषा मला जमत न्हाय, म्हनून बोलतो तसं लिहितोय. माफी असावी.

मी सोमेश. होटगी रोडला माझं छोटं गॅरेज हाय. डिप्लोमा न्हाय. मोबाईलवर व्हिडिओ बघून आन् इंग्रजी मॅन्युअल शब्दाशब्दाला अडखळत वाचून शिकलोय. बिरदेव माझा दोस्त. ज्या फोनसाठी त्यानं गाडी थांबवली असं आपन लिहिलंय, त्या फोनवर दुसऱ्या बाजूला मीच हुतो.

१) तो मोडनिंबच्या पुढं हुता. उजाडत हुतं, उजनीकडनं लई धुकं आलतं. मी फोन उचलल्या उचलल्या म्हनला, "सोम्या, चालता चालता मेली की रं गाडी. पिवळा दिवा लागलाय, अ‍ॅक्सिलेटर घेईना." मी म्हनलं, आधी बाजूला घे. त्यानं फोन स्पीकरवर करून सीटवर टाकला. उघड्या दारातनं स्टेअरिंग धरून गाडी ढकलायला लागला. "तुज्या गॅरेजला ढकलत आनू का?" म्हनून हसलाबी. मंग मागनं मालट्रकचा आवाज आला. त्यानंतर तो बोलला न्हाय. फोन मात्र चालूच राहिला.

२) आपली चूक न्हाय साहेब. ट्रकचा धक्का त्याला आन् उघड्या दारालाच बसला, आपन दुपारी तपासली तवा गाडी खरंच चालू हुती. सुपूर्दनाम्यावर घरच्यांना मिळाली, त्यांनी माझ्याकडं आनून लावली, तवा मलाबी कायच घावलं न्हाय. दोन येळा भाऊंना, म्हंजे त्याच्या वडलांना, सांगितलं की गाडी ठीक हाय. ते टोपी घालून निघून गेले.

मंग डोक्यात आलं, त्या दिवशी धुकं हुतं. बॉनेट उघडून ओलं पोतं टाकलं. सकाळी चावी फिरवली तर तोच पिवळा दिवा.

ह्या गाडीत इंजिन जनरेटर फिरवतं. जनरेटर किती करंट देतोय ते करंट सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. करंट नसताना सेन्सरच्या तारेवर अडीच व्होल्ट पायजेत. कोरडं असताना तेवढंच येतंय. ओल लागली की घसरतंय. कॉम्प्युटरला वाटतंय करंट भलतीकडंच चाललाय, आन् तो भिऊन सगळी पावर तोडतोय. आधी मला वाटलं सेन्सरच गेला. चांगला सेन्सर लावून बघितला, तरी तेच. म्हंजे दोष सेन्सरात न्हाय, त्याच्या कनेक्टरमदी हाय.

हायब्रीडचा कॉम्प्युटर येगळा असतो, साध्या स्कॅनरला दिसत न्हाय, त्यात बिघाडाचा कोड साठून राहिलाय. कोड पडला त्या क्षनाला गाडीचा वेग साठच्या वर दिसतोय. फोनवर बोलायला थांबलेली गाडी साठनं पळत नसती साहेब.

३) आता ज्याच्यासाठी अर्ज पुसत हुतो ते लिहितो.

कनेक्टर उघडला तर आत पिवळं. भंडारा.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली तवा मी तितंच हुतो. त्याची आई, मायाक्का, ताट घेऊन आली. बिरदेव म्हनला, "आये, मेंढरू हाय का ही, भंडारा लावायला?" ती म्हनली, "मेंढरावर घर चालतंय तर लावतो, मंग हिनं काय घोडं मारलंय?" त्यानं हसत हसत बॉनेट उघडलं. "वत, आत बी वत." तिनं नारळाचं पानी वतलं, वरनं मूठभर भंडारा उधळला. खोबरं मीबी खाल्लं. कनेक्टरचं रबरी सील आधीपासनंच गायब हुतं, जुन्या मालकाच्या कामात कुटंतरी पडलं आसंल. आमच्या कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. नारळाचं पानी वाळलं, भंडारा धरून बसला, आन् ओल आली की तितनं करंट झिरपायला लागला.

फडक्यानं एकदा पुसलं असतं तर हे कुनाला कळलं नसतं. पन मंग बिरदेवच दोषी राहिला असता. मायाक्का मला रोज इचारती, "लेकरा, बोलायसाठी भर रस्त्यात कोन थांबतं रं? येवढं कळत न्हवतं का त्याला?" गावात तर पिऊन हुता म्हनत्यात. म्हनून पुसलं न्हाय. जसं हुतं तसं ठिवलंय.

तरी विनंती अशी :

गाडी सकाळी लवकर येऊन बघावी. पोतं मी भिजवून ठिवतो. माझ्या सहीवर इश्वास ठिवू नका, मीटर सोता लावा.

अहवालात "कनेक्टरला सील नसल्याने ओल जाऊन वाहन चालत असताना बंद पडले, चालकाचा दोष नाही" असं लिहावं. ह्यात एक शब्द खोटा न्हाय. सील असतं तर भंडारा आत गेलाच नसता.

भंडाऱ्याचं आपल्या मनात राहू द्यावं. अहवालाची प्रत घरी जाईल, मायाक्काला वाचता येत न्हाय, धाकटी लेक पायल मोठ्यानं वाचून दाखवती. म्हनून हा अर्जबी त्या फायलीला लावू नये. असा नियम कुटला म्हनाल तर मला म्हाईत न्हाय. नसंल तर ह्या एका अर्जापुरता करावा.

आपला, हात जोडून,

सोमेश सिद्रामप्पा कलशेट्टी
होटगी रोड, सोलापूर
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत : कोडचा आन् वेगाचा फोटो. कनेक्टरचा फोटो येगळ्या पाकिटात, तो बघून परत द्यावा.

ता.क. ही ओळ साहेबांसाठी न्हाय. बिरदेवा, पुढच्या खंडेनवमीला आई ताट घेऊन माझ्या गॅरेजला आली तर मी तिला अडवनार न्हाय. तू उघडलंस तसं बॉनेट उघडून देईन, वत म्हनीन. सगळे कनेक्टर त्याच्या आधीच पिशवीत बांधून ठिवीन. तिला कळनार न्हाय, शब्द देतो.