मी चिन्ह फिरवत न्हाई

४ बहमन १३५० फसली (निजामी साल, इंग्रजी डिसेंबर १९४०), जालना
आजपासून पहाटे उठणार. टाइमटेबल भिंतीला चिटकवलं. जब्रो-मुकाबला, म्हणजे बीजगणित, त्यातच दोनदा मॅट्रिक हुकली. राजूरच्या कडूबामामाची अट, यंदा पास झालो तरच पुष्पा माझी. न्हाई तर दुसरीकडं देणार. मामाला अंगठ्यापुढं काही येत न्हाई अन् माझी परीक्षा हा घेणार.

५ बहमन
उठलो न्हाई. थंडी.

११ बहमन
आज कमी-जास्तीची गणितं. उर्दू पुस्तकात अज्ञात आकड्याला 'ला' म्हणतात. महेमूद मास्तरांनी लिहिलं, उणे दोन 'ला' हे सहाहून कमी. उत्तर म्हणे 'ला' उणे तिनाहून जास्त. उण्यानं भागलं की चिन्ह उलटं करायचं. का, तर दोन तिनाहून कमी, पण उणे दोन उणे तिनाहून जास्त. चिन्ह म्हणजे काय बुजरा बैल हाये, उणे दिसलं की तोंड फिरवायला? शिवाय 'ला' नेमका किती, ते शेवटपर्यंत सांगितलंच न्हाई. मास्तरला स्वतःलाच ठाऊक नसावं.

२ इस्फंदार
खोलीतला कचरू, हा बी राजूरचाच, दिवसभर चिन्हं फिरवून राह्यला. मास्तर म्हणाले की फिरवायचं, म्हणतो. मेंढरू. मी पटल्याबिगर फिरवणार न्हाई. मर्दाची जबान एक.

१९ फरवरदी
पेपर झाला. एकाही जागी चिन्ह फिरवलं न्हाई. कचरूची उत्तरं ऐकली, सगळी माझ्या उलटी. गेला बिचारा. येताना पुष्पासाठी हिरवा चुडा बघून आल्तो.

८ तीर
रिझल्ट. कचरू पास. मला एकोणीस, पाहिजे होते तेहतीस. तपासणारा गाढव. पण पुष्पाचं तोंड डोळ्यांपुढून हलंना. लई वाईट वाटलं. जेवलो न्हाई.

९ तीर
तोड सापडली. एकोणीस हे तेहतीसाहून कमी. दोन्हीकडं उणे लावायचं अन् चिन्ह फिरवायचं. उणे एकोणीस हे उणे तेहतीसाहून जास्त. मास्तरचा नियम बिलकुल बराबर हाये, आज पटला. जल्दी राजूर गाठतो.

१० तीर
मामाच्या अंगणात कोळशानं सगळं लिहून दाखवलं. मामानं कोळशाच्या रेघांवरून बोट फिरवलं. मंग विचारलं, उणे म्हणजे काय रे? मी म्हणलं, नसलेलं. मामा म्हणाला, मंग बराबर, तुझ्यापाशी नसलेलं जास्त हाये.
आतून पुष्पा हसली. तिची सुपारी कालच फुटल्ती, कचरूसंगं. मामीनं हातावर त्याचीच साखर ठेवली.
खाल्ली.